‘अ‍ॅटनबर्ग’ : प्रेक्षकांतील मतभेद आणि ताटस्थ्याचा प्रश्न

१

कलाकृतीविषयी रसिकांत मतभेद असणे ही नित्याची गोष्ट आहे. त्याची केवळ नोंद केल्याने समीक्षेचे काही साधत नाही. परंतु काही मतभेदांचे स्वरूप विशेष असते. त्यांत दोन्ही पक्ष कलाकृतीचे वर्णन जवळजवळ एकाच शब्दांत करतात आणि निर्णय मात्र परस्परविरुद्ध देतात. अशा ठिकाणी वादाचे मूळ कलाकृतीच्या एखाद्या सुट्या गुणात वा दोषात नसते; आस्वादाविषयीच्या एखाद्या अव्यक्त गृहीतात ते दडलेले असते. ते गृहीत उघड करणे हे समीक्षेचे काम होय.

अथिना रॅचेल त्संगारी या ग्रीक दिग्दर्शिकेचा ‘अ‍ॅटनबर्ग’ (२०१०) हा चित्रपट या दृष्टीने अभ्यासनीय आहे. सप्टेंबर २०१० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो प्रथम दाखविला गेला आणि त्यातील नायिकेची भूमिका करणाऱ्या आरियान लाबेद हिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे व्होल्पी पारितोषिक मिळाले. पुढे ऑस्कर पारितोषिकांच्या स्पर्धेसाठी ग्रीसतर्फे याच चित्रपटाची निवड झाली. इतका सन्मान लाभूनही प्रेक्षकांत त्याच्याविषयी एकवाक्यता कधीच झाली नाही. हा चित्रपट थंड आहे, त्यातील माणसे माणसांसारखी वागत नाहीत, कॅमेरा त्यांच्याकडे दुरून पाहतो, असे त्याचे विरोधक म्हणतात. त्याचे चाहतेही हेच म्हणतात. फरक इतकाच की ते याच गोष्टींना चित्रपटाचे यश समजतात. या दोन्ही पक्षांनी ज्यास ‘अंतर’ म्हटले आहे ते चित्रपटात नेमके काय कार्य करते, आणि ते अखेरपर्यंत एकच राहते काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

चित्रपटाचे कथानक थोडक्यात सांगता येण्यासारखे आहे. मरीना ही तेवीस वर्षांची तरुणी समुद्रकाठच्या एका औद्योगिक वसाहतीत राहते. तिचे वडील स्पिरोस हे वास्तुशिल्पज्ञ असून कर्करोगाने अंथरुणास खिळण्याच्या बेतात आहेत. बेला ही मरीनाची एकुलती मैत्रीण. पुरुषाचा अनुभव मरीनास नाही. किंबहुना मनुष्यजातीविषयीच तिला एक प्रकारची किळस आणि कुतूहल यांचे मिश्रण वाटते. डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचे प्राणिजीवनावरील माहितीपट ती वडिलांबरोबर पाहते. त्या नावाच्या चुकीच्या उच्चारातूनच चित्रपटाचे शीर्षक आले आहे. वसाहतीत कामानिमित्त आलेल्या एका अभियंत्याशी तिची ओळख होते आणि त्याच्याबरोबर ती शरीरसंबंधाचा पहिला अनुभव घेते. त्याच काळात वडिलांचा आजार बळावतो, ते मरण पावतात, आणि दोघी मैत्रिणी त्यांची रक्षा समुद्रात सोडतात. ‘वयात येणे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कथाप्रकाराचे सर्व नित्य घटक येथे आहेत : मैत्री, पहिले प्रेम, आईबापांपैकी एकाचा मृत्यू, आणि त्यानंतरचे एकटेपण.

विक्षिप्त आहे ती सांगण्याची तऱ्हा. चित्रपटाच्या आरंभीच एका पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या राहून बेला मरीनाला चुंबन कसे घ्यावे हे शिकवीत असते. या धड्यात शृंगाराचा लवलेश नाही. तो पाहता पाहता थुंकण्यावर येतो आणि अखेर दोघी जनावरांप्रमाणे एकमेकींवर गुरगुरू लागतात. पुढे अधूनमधून, कथेशी उघड संबंध नसताना, दोघी एकसारखे कपडे घालून, हातात हात गुंफून वसाहतीच्या वाटेवरून चमत्कारिक पावले टाकीत येतात. बाप-लेक पलंगावर गोरिलांची नक्कल करतात आणि निरर्थक शब्दांचे खेळ खेळतात. अभियंत्याच्या शेजारी असताना मरीना आपण काय करीत आहोत याचे निवेदन मोठ्याने करीत राहते. थिमिओस बाकाताकिस यांचा कॅमेरा हे सारे बहुधा स्थिर राहून, समोरून आणि मध्यम अंतरावरून टिपतो.

या ठिकाणी स्थळाचाही निर्देश केला पाहिजे. कारण चित्रपटाचा पुष्कळसा अर्थ त्यात आहे. चित्रपटाचे चित्रीकरण आस्प्रा स्पितिया येथे झाले. या नावाचा अर्थ ‘पांढरी घरे’. कोरिंथच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर, अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यातील नोकरवर्गासाठी, १९६० नंतरच्या दशकात ही वसाहत नव्याने वसविली गेली. तिचा आराखडा कोंस्तांतिनोस डॉक्सिआडिस यांच्या संस्थेने केला होता. पाकिस्तानची राजधानी इस्लामाबाद हिची योजना करणारे ते हेच वास्तुशिल्पज्ञ होत. डोंगरातून बॉक्साइट काढावे, किनाऱ्यावर त्याचे अ‍ॅल्युमिनियम करावे, आणि काम करणाऱ्यांना स्वच्छ, सरळ, पांढऱ्या घरांत ठेवावे, अशी ही विसाव्या शतकातील एक आशावादी कल्पना होती. ज्या गावाला पणजोबा नाहीत अशा गावात मरीना वाढली आहे. स्पिरोस हे या आशावादाचे प्रतिनिधी आहेत आणि त्याचे टीकाकारही आहेत. मेंढ्यांच्या वाड्यांवर औद्योगिक वसाहत उभी करून आपण त्यालाच क्रांती समजलो, अशा अर्थाचे उद्गार ते काढतात. आणि काही न शिकविता आपण मुलीला नव्या शतकाच्या स्वाधीन करून जात आहोत, अशी खंत व्यक्त करतात.

३

आता प्रतिकूल मताचा विचार करू. त्यातील आक्षेप मुख्यतः तीन आहेत. पहिला, अशी माणसे संभवत नाहीत : तेवीस वर्षांची सुशिक्षित मुलगी चुंबनाविषयी इतकी अजाण कशी असेल? दुसरा, त्या चमत्कारिक चाली, ते गुरगुरणे, ते शब्दखेळ हे कथेतून उद्भवत नाहीत. ते तिच्यावर बाहेरून लादले आहेत. तिसरा आणि सर्वांत गंभीर, बापाच्या मृत्यूसारखा विषय हाती घेऊनही चित्रपट प्रेक्षकाला रडू देत नाही. म्हणून तो हृदयशून्य आहे.

या आक्षेपांची ‘अरसिकांचे बोल’ म्हणून बोळवण करण्याची प्रथा कलाचित्रपटांच्या चाहत्यांत आढळते. ती योग्य नाही. आपल्या साहित्यशास्त्रात या आक्षेपांना प्रतिष्ठित स्थान आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांतील पहिलेच विघ्न ‘संभावनाविरह’ हे होय. जे घडत आहे ते संभवतच नाही असे ज्याला वाटते त्याचे चित्त तेथे विश्रांत होणार नाही. मग रसाची गोष्टच दूर. या विघ्नाचा परिहारही त्याने सांगितला आहे. विषय लोकसामान्य असावा, म्हणजे प्रेक्षकाचा हृदयसंवाद होतो. आणि व्यापार लोकोत्तर असेल तर पात्रे प्रख्यात असावीत, म्हणजे रूढ श्रद्धेच्या बळावर प्रेक्षक तो व्यापार स्वीकारतो. ‘अ‍ॅटनबर्ग’ला ही कसोटी लावली तर अडचण स्पष्ट होते. येथे विषय लोकसामान्य आहे, पण वर्तन लोकविलक्षण आहे. आणि प्रख्यात पात्रांचा आधार तर मुळीच नाही. ज्या प्रेक्षकाची दृष्टी विषयावर स्थिर होते त्याला वर्तनाचा विक्षेप सहन होतो; ज्याची दृष्टी वर्तनावरच अडखळते त्याला विषय दिसतच नाही. म्हणजे मतभेदाचे एक कारण रसिकतेच्या न्यूनाधिक्यात नसून चित्रपटाच्या रचनेतच आहे, हे मान्य करावयास हवे.

अनुकूल पक्षाची भूमिकाही निर्दोष नाही. त्यातील बरेच लोक विक्षिप्तपणालाच मूल्य समजतात. ऑगस्ट २०११ मध्ये ‘गार्डियन’ या इंग्रजी वृत्तपत्रातील एका लेखाने त्या काळातील ग्रीक चित्रपटांस ‘विक्षिप्त लाट’ अशा अर्थाचे नाव दिले आणि ते रूढ झाले. योर्गोस लांथिमोस यांचा ‘डॉगटूथ’ (२००९) आणि ‘अ‍ॅटनबर्ग’ हे या लाटेचे आद्य नमुने ठरले. दोहोंत व्यक्तींचेही साहचर्य आहे : ‘डॉगटूथ’च्या निर्मितीत त्संगारी यांचा सहभाग होता, ‘अ‍ॅटनबर्ग’मधील अभियंत्याची भूमिका स्वतः लांथिमोस यांनी केली आहे, आणि छायालेखक दोन्ही ठिकाणी बाकाताकिस हेच आहेत. परंतु एका नावाखाली आणल्यामुळे दोहोंतील भेद झाकला गेला. ‘डॉगटूथ’मधील बाप मुलांना घरात कोंडतो आणि शब्दांचे खोटे अर्थ शिकवितो, तेथील विक्षिप्तपणा हा सत्तेचा परिणाम आहे. ‘अ‍ॅटनबर्ग’मधील बापाने मुलीला काहीच शिकविले नाही, त्याचेच त्याला दुःख आहे. येथील विक्षिप्तपणा रिकाम्या जागेतून आला आहे. पहिल्या चित्रपटात शब्दांचे खेळ हे बंधन आहे, तर दुसऱ्यात बाप-लेकींमधील जिव्हाळ्याची तीच एक बोली आहे. हा भेद न पाहता दोहोंची एकाच कारणासाठी प्रशंसा करणे म्हणजे दोहोंपैकी एकाचीही प्रशंसा न करणे होय.

याच पक्षातील काही जण चित्रपटाकडे ग्रीसच्या आर्थिक संकटाचे रूपक म्हणून पाहतात. ग्रीसला पहिले मोठे कर्जसाहाय्य मे २०१० मध्ये मंजूर झाले आणि चित्रपट सप्टेंबरमध्ये दाखविला गेला. अवघ्या चार महिन्यांनी पूर्ण स्वरूपात पुढे आलेल्या कलाकृतीची कल्पना त्या संकटाच्या परिणामांतून जन्मली असे मानणे कठीण आहे. स्पिरोसच्या उद्गारांत एका फसलेल्या आधुनिकतेचा विषाद निश्चित आहे. पण तो विषाद १९६० नंतरच्या स्वप्नाविषयीचा आहे, २०१० च्या अंदाजपत्रकाविषयीचा नव्हे. रूपकाची ही वाट प्रेक्षकाला एक सोय करून देते : मरीनाकडे पाहण्याऐवजी देशाकडे पाहिले म्हणजे तिच्या वर्तनाचा खुलासा करण्याचे कष्ट वाचतात. थंडपणाच्या आक्षेपास हे उत्तर होऊ शकत नाही.

४

तेव्हा मूळ प्रश्नाकडे वळणे इष्ट आहे. प्रेक्षकाने पात्राशी तादात्म्य पावावे की ताटस्थ्य राखावे, हा वाद मराठी समीक्षेला नवा नाही. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची जाणीव सोडीत नाही. या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयानंद आहे, असा तिचा आशय. पाश्चात्त्य सौंदर्यशास्त्रात एडवर्ड बुलो यांनी १९१२ मध्ये ‘मानसिक अंतरा’चा सिद्धान्त मांडला होता. त्यांच्या मते अंतर अजिबात नाहीसे झाले तर आस्वाद संपतो, आणि ते फार वाढले तरीही संपतो. म्हणून ते नष्ट न होऊ देता शक्य तितके कमी करणे हे कलेचे इष्ट होय. या दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. अंतर ही प्रेक्षकाची अवस्था आहे असे ती मानतात. कलाकृतीतील पात्राची नव्हे.

‘अ‍ॅटनबर्ग’चा विशेष येथे आहे. या चित्रपटात अंतर हा प्रथम नायिकेचा स्वभाव आहे, आणि मग तो प्रेक्षकाचा अनुभव होतो. मरीना माणसांकडे प्राणिशास्त्रज्ञाच्या दृष्टीने पाहते. माहितीपट करणारा निरीक्षक प्राण्याच्या मनात काय चालले आहे हे सांगत नाही. तो त्याची चाल, त्याचे ओरडणे, त्याचे जवळ येणे आणि दूर जाणे सांगतो. मरीनाला चुंबन ही एक क्रिया दिसते, भावना दिसत नाही. म्हणून ती ती क्रिया शिकावयास निघते. कॅमेराही तिच्याच पद्धतीने तिच्याकडे पाहतो. तिचे मन तो उघडून दाखवीत नाही. तिचे शरीर मात्र पूर्ण चौकटीत ठेवतो. प्रतिकूल प्रेक्षकाला जो थंडपणा जाणवतो तो दिग्दर्शिकेच्या अनास्थेतून आलेला नाही. तो नायिकेच्या दृष्टीचा ठसा आहे. आपण मरीनाशी तादात्म्य पावत नाही असे तो प्रेक्षक म्हणतो तेव्हा तो नकळत तिच्याचसारखा पाहत असतो. तिच्याशी एकरूप होण्याचा या चित्रपटात तोच एक मार्ग आहे.

परंतु एवढ्याने चित्रपटाचे समर्थन पूर्ण होत नाही. केवळ नायिकेचे ताटस्थ्य प्रेक्षकाच्या गळ्यात मारले असते तर ती एक युक्ती ठरली असती, आणि विरोधकांचा आक्षेप अबाधित राहिला असता. ते ताटस्थ्य चित्रपटात कसोटीला लागते काय, हे पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते लागते, आणि दोन ठिकाणी लागते.

पहिले ठिकाण अभियंत्याबरोबरच्या प्रसंगांचे. तेथे मरीना आपल्या कृतीचे निवेदन करीत असता तो तिला बोलू नकोस असे सुचवितो. निवेदन थांबणे म्हणजे निरीक्षकाने निरीक्षण थांबविणे. हा बदल चित्रपट कोणत्याही संगीताने अधोरेखित करीत नाही. प्रेक्षकाने तो ऐकावयाचा असतो, कारण येथे घटना म्हणजे शांतता होय. दुसरे ठिकाण रुग्णालयातील बापाचे. गोरिलाच्या नकलेत बाप आणि लेक हे दोघेही निरीक्षक होते आणि दोघेही प्राणी होते. आजार वाढतो तसा हा खेळ एकतर्फी होत जातो. ज्या देहाकडे विनोदाने पाहावयाची सवय होती तो देह आता उत्तर देईनासा होतो. मरीनाची पद्धत येथे अपुरी पडते. आणि दुसरी पद्धत तर तिला कोणी शिकविलेली नाही.

अ‍ॅटनबरो यांच्या नावाची योजना या संदर्भात विशेष अर्थपूर्ण आहे. ‘लाइफ ऑन अर्थ’ (१९७९) या मालिकेतील रवांडाच्या पर्वतावरील गोरिलांचा प्रसंग जगप्रसिद्ध आहे. हाताच्या अंगठ्याच्या उपयुक्ततेविषयी बोलावयाचे ठरवून अ‍ॅटनबरो त्या झाडीत गेले होते. पण गोरिलांचा कळप त्यांच्याभोवती इतका जवळ आला की ठरविलेले विवेचन बाजूस राहिले आणि ते त्या प्राण्यांच्या सान्निध्यात नुसते पडून राहिले. निरीक्षणाच्या त्या थोर परंपरेतील सर्वांत स्मरणीय क्षण हा निरीक्षण सुटण्याचा क्षण आहे. ‘अ‍ॅटनबर्ग’ची रचना हीच आहे. दुरून आणि नीट पाहणे हा येथे प्रेमाचा अभाव नाही. जिला प्रेमाची रूढ भाषा मिळालेली नाही तिची ती पहिली पायरी आहे.

५

मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने एका गोष्टीचा खुलासा येथे आवश्यक वाटतो; कारण तिच्या अभावी चित्रपटाचा उत्तरार्ध अकारण रुक्ष भासतो. स्पिरोस आपल्या देहाचे दहन व्हावे अशी इच्छा व्यक्त करतात. दहन हा आपल्याकडील बहुसंख्यांचा नित्याचा अंत्यविधी असल्याने या इच्छेत आपणांस काही विशेष जाणवत नाही. ग्रीसमधील स्थिती उलट आहे. तेथील ऑर्थोडॉक्स चर्चचा दहनास विरोध असून परंपरा दफनाची आहे. दहनास कायद्याने अनुमती २००६ मध्ये मिळाली. परंतु देशातील पहिली दाहिनी रित्सोना येथे २०१९ मध्ये सुरू झाली. मधल्या काळात ज्यांना दहन हवे असे त्यांचा देह परदेशी पाठवावा लागे. म्हणून मरीनाला बापाच्या मृत्यूची तयारी कागदपत्रे, वाहतूक आणि खर्च यांच्या भाषेत करावी लागते. प्रेताची ही निर्यात-व्यवस्था ती ज्या कोरडेपणाने ठरविते त्यास काही प्रेक्षक हृदयशून्यता म्हणतात. वस्तुस्थिती अशी आहे की बापाने धर्माचा विधी नाकारला आहे, आणि त्याच्या जागी समाजाने दुसरा कोणताही विधी निर्माण केलेला नाही. शोकाला वाहून नेणारे पात्रच उपलब्ध नाही.

हे लक्षात घेतले म्हणजे दुसऱ्या आक्षेपाचेही उत्तर मिळते. दोघी मैत्रिणींच्या त्या चमत्कारिक चाली कथेतून उद्भवत नाहीत, हे खरे. परंतु विधी तरी कथेतून कोठे उद्भवतो? ठरलेली पावले, एकसारखा वेष, पुनरावृत्ती, आणि उपयुक्ततेचा अभाव ही विधीची लक्षणे आहेत. ज्या गावाला पूर्वज नाहीत आणि ज्या घरात धर्म नाही तेथे दोन मुलींनी स्वतःपुरता रचलेला हा विधी आहे. रात्री रस्त्याने चालताना दोघी फ्रान्स्वाझ हार्दी हिचे १९६२ सालचे एक फ्रेंच प्रेमगीत गातात, तेही याच कोटीतील आहे. उसन्या गाण्यातून त्या उसनी भावना गिरवून पाहतात. आणि आरंभीचा चुंबनाचा धडाही याच गिरविण्याचा भाग होता असे मागाहून ध्यानात येते.

मृत्यूपुढील कोरडेपणाने प्रेक्षक दुखावला जाणे हेही अपूर्व नाही. सत्यजित राय यांच्या ‘अपराजित’ (१९५६) मधील अपू आईच्या मृत्यूनंतर गावी थांबत नाही. क्रियाकर्म कलकत्त्यास कालीघाटावर करीन असे सांगून तो निघतो. विभूतिभूषणांच्या मूळ कादंबरीत तर आईच्या निधनाने अपूला क्षणभर सुटकेची भावना होते. १९५७ मध्ये व्हेनिसच्या सुवर्णसिंहाने गौरविलेला हा चित्रपट स्वदेशी मात्र आर्थिक दृष्ट्या अयशस्वी ठरला. परंतु रायांच्या प्रेक्षकाला निदान कालीघाट होता. न केलेल्या विधीचे नाव तरी त्याला ठाऊक होते. ग्रीक चित्रपटांतच तुलना करावयाची तर थिओ अँजेलोपूलोस यांचा ‘लँडस्केप इन द मिस्ट’ (१९८८) घ्यावा. कधी न पाहिलेल्या बापाच्या शोधात निघालेली वूला आणि अलेक्झांद्रोस ही भावंडे बोलतात थोडे. परंतु धुके, पाऊस आणि एलेनी काराइंद्रू यांचे संगीत त्यांच्या वतीने शोक करीत असते. प्रेक्षकाला आपल्या भावनेसाठी तेथे एक आश्रय मिळतो. त्संगारी यांनी हा आश्रय काढून घेतला आहे. अँजेलोपूलोस यांची मुले बाप शोधतात आणि निसर्ग त्यांच्यासाठी रडतो. त्संगारी यांची मुलगी बाप गमावते आणि पार्श्वभूमीला कारखाना चालू असतो.

६

चित्रपटाचे हे समर्थन मर्यादांसह स्वीकारले पाहिजे. ताटस्थ्याची पद्धत मरीना आणि स्पिरोस यांच्या बाबतीत सार्थ ठरते, कारण ती त्यांच्यातील संबंधाचीच भाषा आहे. इतरांच्या बाबतीत ती तशी ठरत नाही. मरणोन्मुख बापाला एक अखेरची भेट म्हणून मरीना बेलाला त्याच्याशी शय्यासोबत करण्याची विनंती करते, आणि बेला ती मान्य करते. हा प्रसंग चित्रपटातील सर्वांत धाडसी प्रसंग म्हणून वाखाणला गेला आहे. परंतु येथे बेलाच्या मनाचा थांग लागत नाही, आणि लागावा असा प्रयत्नही दिसत नाही. मरीनाचे अंतर हे तिच्या जीवनातून आले आहे; बेलाविषयीचे अंतर हे केवळ चित्रपटाचे आहे. तीच गोष्ट अभियंत्याची. त्याला नावही दिलेले नाही. मरीनाच्या शिक्षणाचे साधन यापलीकडे त्याचे अस्तित्व नाही. ज्या प्रेक्षकांनी चित्रपटावर निर्ममतेचा आरोप केला त्यांचा आरोप या दोन पात्रांपुरता खरा मानावा लागतो. पद्धत जेव्हा सर्वांना सारखीच लावली जाते तेव्हा ती दृष्टी राहत नाही, शैली होते; आणि शैलीला माणसाची जबाबदारी नसते.

तसेच, सर्व चाली समान बलवान आहेत असेही नाही. विधीची पुनरावृत्ती अर्थ साठवीत जाते. केवळ गमतीची पुनरावृत्ती अर्थ खर्च करीत जाते. मध्यंतरीच्या काही ठिकाणी दुसरी गोष्ट घडते असे वाटते.

याउलट शेवट निःसंशय सामर्थ्यवान आहे. रक्षा समुद्रात सोडताना कोणी काही बोलत नाही आणि कोणतीही चमत्कारिक कृती होत नाही. इतका वेळ विक्षिप्त वागणाऱ्या दोन मुली येथे जगातील कोणत्याही दोन शोकग्रस्त माणसांसारख्या दिसतात. लोकविलक्षण वर्तन गळून पडते आणि लोकसामान्य विषय उघडा राहतो. पात्रांच्या प्रख्यातपणाने जो संभावनाविरहाचा परिहार होऊ शकला नसता तो अखेर असा होतो. मात्र त्यासाठी प्रेक्षकाला शेवटपर्यंत थांबावे लागते, आणि पुष्कळ प्रेक्षक मनाने त्यापूर्वीच उठून गेलेले असतात. त्यानंतरच्या दीर्घ, स्थिर दृश्यात कारखान्याचा मातकट परिसर आणि त्यातून ये-जा करणारे मालट्रक दिसतात. ज्या जगावर स्पिरोसने विश्वास ठेवला आणि ज्याचा त्याला विषाद वाटला ते जग त्याच्यावाचून चालू आहे. कॅमेरा पूर्वीइतकाच दूर आहे, परंतु त्या अंतराचा अर्थ आता तो राहिलेला नाही. आरंभी ते निरीक्षकाचे अंतर होते. अखेरीस ते मागे राहिलेल्याचे आहे.

७

प्रस्तुत विवेचनाचा निष्कर्ष असा. ‘अ‍ॅटनबर्ग’विषयीच्या मतभेदात दोन्ही पक्षांनी अंतराला चित्रपटाचा एक स्थिर गुणधर्म मानले, आणि मग कोणी त्यास दोष म्हटले, कोणी गुण. वस्तुतः ते अंतर चित्रपटभर बदलत जाते आणि त्या बदलातच त्याची कथा आहे. विरोधकांनी आरंभीच्या अंतरावरून शेवटाचा निवाडा केला. चाहत्यांपैकी अनेकांनी आरंभीच्या अंतराच्या कौतुकात शेवटाकडे दुर्लक्ष केले. जे प्रेक्षक अखेरीस द्रवले त्यांचे साक्ष्य या दोहोंपेक्षा अधिक मोलाचे मानावे लागेल. कारण केळकरांना अभिप्रेत असलेली दुहेरी अवस्था त्यांनीच अनुभविली.

तादात्म्य आणि ताटस्थ्य यांचा विचार आपण बहुधा वाचकाच्या एका सरासरी, कायम अवस्थेच्या रूपाने करतो. काळात उलगडणाऱ्या कलांच्या बाबतीत, आणि चित्रपटाच्या बाबतीत विशेषेकरून, या अवस्थेला आरंभ, मध्य आणि अंत असतो. चित्रपटाच्या कोणत्या क्षणी प्रेक्षक दूर गेला, कोणत्या क्षणी जवळ आला, आणि त्या त्या क्षणी पडद्यावर नेमके काय बदलले, असा क्रमवार शोध घेतला तर ‘थंड’, ‘विक्षिप्त’, ‘हृदयस्पर्शी’ या विशेषणांच्या आड दडलेली वस्तुस्थिती हाती लागण्याचा संभव आहे. वयात येण्याच्या कथांना ही पद्धत विशेष लागू पडेल. कारण वयात येणे म्हणजेच जगापासूनचे आपले अंतर किती असावे हे हळूहळू उमगणे होय.